म्हशीच्या कुशीतलं भोक

"मी गेल्यावर तुम्ही सगळे जमणारच आहात," सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "त्यापेक्षा आधी एकदा जमा. म्हणजे मलाही बघायला मिळेल."

मग जाणं भागच होतं. थोरल्यानं, त्यांच्या मोठ्या मुलानं, इस्त्रीचा शर्ट घातला, तो काढून साधा घातला आणि परत इस्त्रीचाच घातला. त्याची बायको, घरातल्यांची वहिनी, पर्स घेऊन दारात उभी राहिली. नणंदेच्या शेडची पायरी त्या दोघांनी दहा-अकरा वर्षांत चढली नव्हती.

नणंद शिल्पकार होती. बाहेर तिला मान होता, तिच्या कामांचे फोटो छापून येत; घरात मात्र ती अजून घुशीच होती. चालायला लागल्यापासून हातात काटकी घेऊन ती काही ना काही उकरत असे, म्हणून बापानं ठेवलेलं हे नाव. आता साठीला टेकली तरी धंदा तोच होता. काटकीच्या जागी छिन्नी आली होती आणि लोक त्याला कला म्हणत होते, एवढाच काय तो फरक. तिच्या प्रत्येक कामात एक भोक असे. दगड असो, लाकूड असो, कुठेतरी एक गोल, आरपार भोक, आणि त्यातून पलीकडचा उजेड दिसे. जाणकार मंडळी त्या भोकावर पानंच्या पानं लिहीत.

शेड म्हणजे पूर्वीचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज. जमिनीवरचे तेलाचे डाग अजून गेले नव्हते, वर तुळईला साखळीची कप्पी लटकत होती, आणि जिथे म्हणून काही ठेवता येईल तिथे प्लास्टरची पांढरी भुकटी बसलेली होती. मध्यभागी सगळ्यांकडे पाठ करून प्लास्टरची म्हैस बसली होती.

म्हैस हे मूळ एका खडकाचं नाव. यांच्या जुन्या घरामागे ओढा होता, आणि ओढ्यात अर्धा बुडालेला एक काळा खडक, डुंबायला बसलेल्या म्हशीसारखा. तिन्ही भावंडं त्याच्या पाठीवर लहानाची मोठी झाली. खडकाच्या कुशीला, पाण्याच्या जरा वर, एक भोक होतं. त्यात लहान मुलाची मूठ जाई, मग मनगट, मग कोपरापर्यंत हात. घुशीनं एक अख्खी सुट्टी काटकीनं त्यातली माती उकरण्यात घालवली होती. बाबा सांगत की आत साप आहे, तिकडे फिरकायचं नाही. सापाचं नाव काढल्यावर ती कसली ऐकते! एके दिवशी बाबांनी तिला तिथून ओढत आणून थोबाडीत मारली. जन्मात एकदाच त्यांनी तिच्यावर हात उगारला होता. ही गोष्ट ती प्रत्येक मुलाखतीत सांगे: पाण्यानं हजारो वर्षं कोरलेलं ते भोक, त्यातला कधीच न दिसलेला साप, आणि मुलीला सापाचा मान राखायला शिकवणारा बाप. माझी शाळा ती, असं म्हणे.

तो खडक थोरल्यानं उडवला. तो रस्तेखात्यात इंजिनियर होता, वळण रुंद करायचं निघालं, आणि एका सकाळी सुरुंग लावून त्यानं म्हशीची खडी करून टाकली. घुशी दुसऱ्या दिवशी आली, ओढ्याकाठी उभी राहिली, मग घरी येऊन दारातूनच म्हणाली, "तुला सगळं सपाट लागतं, दादा." त्यानंतर आजतागायत त्याच्याशी ती एक शब्द बोलली नव्हती. पुढच्याच महिन्यात बाबा गेले, तेव्हाही ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती.

खरं काय ते वहिनीला ठाऊक होतं. बाबा खाणीवर सुरुंगांचे मुकादम होते, आणि अखेरच्या आजारात त्यांनी थोरल्याला जवळ बसवून सांगितलं होतं की त्या भोकात साप नाही, सुरुंग आहे. तरुणपणी त्यांनीच पहारीनं पाडलेलं भोक, त्यांनीच भरलेली दारू. वात पेटली, पण सुरुंग काही उडाला नाही. त्यांनी वर माती ठासली आणि गप्प राहिले. आता ओढ्याकाठी नवी घरं झाली होती आणि नवी पोरं त्या खडकावर खेळत होती. काय करायचं ते कर, ते म्हणाले, पण भावंडांना कळता कामा नये; घुशीला तर मुळीच नाही. थोरल्यानं शब्द दिला. मग त्यानं वळण रुंद करण्याचं निमित्त काढलं, शेजारून नवीन भोक पाडून अख्खा खडक उडवला आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. कुठेतरी सांगणं भागच होतं.

वहिनीची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. जगाची भांडणं आणि लफडी तिनं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिली होती. ही एक गोष्ट मात्र तिच्या घशात हाडकासारखी अडकून बसली होती, कारण यात तिचा नवरा फुकट मार खात होता आणि वर खात नाहीसं दाखवत होता.

"या, वहिनी," घुशी म्हणाली. थोरल्याला ती काही म्हणाली नाही. पण खुर्च्या मोजून पाच मांडल्या होत्या, हे वहिनीनं पाहिलं.

सासूबाई आधीच येऊन बसल्या होत्या. डोळ्यांना आता फारसं दिसत नसे, म्हणून त्यांना म्हशीजवळ नेलं, आणि त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "बरीच मोठी केलीस," म्हणाल्या. घुशी म्हणाली की आपण तेव्हा लहान होतो, आपल्याला ती एवढीच मोठी होती. धाकट्यानं दुजोरा दिला. धाकटा दातांचा डॉक्टर होता आणि कुठल्याही बैठकीत आपल्या खुर्चीसकट जिंकणाऱ्या बाजूला सरकण्याची कला त्याला जन्मजात होती. गेली दहा वर्षं तो घुशीच्या बाजूला होता, पण दादाकडेही चक्कर मारून येई आणि तिथे जेवूनही येई. तो भोकात डोकावून म्हणाला, "आम्ही एवढं भोक पाडलं तर पेशंट दवाखान्यात परत पाय ठेवणार नाही." घुशी हसली. थोरलाही हसला, पण जरा उशिरा.

दुपारी फाउंड्रीचा ट्रक येणार होता. ही प्लास्टरची म्हैस तिथे जाणार, तिच्यावरून साचा निघणार आणि ब्राँझची म्हैस शहराच्या मोठ्या बागेत तळ्याकाठी बसणार. एकदा ओतकाम झालं की मग बदल नाही. सोबत एक पाटीही ओतायची होती. तिची मातीतली अक्षरं घुशीनं कालच कोरली होती, आणि ती ओल्या फडक्याखाली टेबलावर ठेवलेली होती. धाकट्यानं उत्साहानं फडकं उचललं आणि मोठ्यांदा वाचायला सुरुवात केली.

"याला पाण्यानं घडवलं, हजारो वर्षं." इथवर आवाज खणखणीत होता. पुढची ओळ त्यानं आधी डोळ्यांनी वाचली असती तर बरं झालं असतं. "माणसानं फोडलं, एका सकाळी."

फडकं त्याच्या हातातच राहिलं. घुशी कप विसळत होती, तिनं मान वर केली नाही. थोरला टेबलाशी गेला, चष्मा लावला आणि अक्षरं पाहिली. "अक्षर छान आलंय," तो म्हणाला, आणि हात धुवायला मागे गेला.

"काय लिहिलंय रे?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. नाव वगैरे," धाकटा म्हणाला. आपली नातवंडं सुट्टीत त्या बागेत जातील, म्हशीवर चढतील आणि नव्यानं वाचायला शिकलेलं एखादं तिथे बसून हे एकेक अक्षर लावून वाचेल, एवढंच त्या क्षणी वहिनीच्या मनात आलं. आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उठून मागे गेली.

थोरला नळाखाली स्वच्छच असलेले हात धूत उभा होता.

"अहो, सांगून टाका."

"शब्द दिलाय मी बाबांना."

"बाबा गेले. ती पाटी नाही जायची."

"तिला काय वाटेल ते बघ ना," तो म्हणाला. नळ चालूच होता. "तिचं सगळं काम त्या भोकातून आलंय. ती म्हणते, पाण्यानं केलं. मी जाऊन सांगू, की तुझ्या बापानं पहारीनं पाडलं? तिला उरणार काय? माझं काय, मी रस्तेवाला. मला कोणी फोडणारा म्हटलं तर खोटं थोडंच आहे?"

हा असा माणूस. त्याचा राग धरायचा म्हटलं तर धरायला कुठे जागा सापडत नाही. वहिनीनं नळ बंद केला.

"शब्द तुम्ही दिलाय," ती म्हणाली. "मी नाही दिला."

ती परत आली तेव्हा घुशी सगळ्यांना चहा देत होती. वहिनीनं तिच्या हातातला ट्रे घेतला आणि खाली ठेवला. तिला वाटलं होतं की आवाज चढेल, पण एक्स्चेंजमध्ये नंबर विचारायची तशी ती बोलली. "घुशी, ते भोक पाण्यानं पाडलं असं तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं, वहिनी? आम्ही पाहिलंय."

"पाहिलंत भोक. पाडताना कोणी पाहिलं?"

धाकटा म्हणाला की वहिनी, आज जाऊ दे, आजचा दिवस तिचा आहे. वहिनीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो बसला. मागून थोरला आला आणि त्यानं बायकोचं नाव घेतलं, चारचौघांत तो कधी घेत नसे. ती थांबली. पुढचं वाक्य तिच्या जिभेवर होतं आणि ते कसं सांगावं हे मात्र तिला सुचेना. इतकी वर्षं धरून ठेवलेली गोष्ट सोडतानाही जड जाते.

"मी पाहिलं," सासूबाई म्हणाल्या.

सगळे वळले. म्हातारी खुर्चीत ताठ बसली होती आणि तोंड म्हशीकडे होतं, जिथे तिला बहुधा एक पांढरा ढीग दिसत असावा.

"ह्यांनी पाडलं. सात-आठ दिवस पहार मारत होते, कामावरून आले की. मला धुणं धुवायला सपाट जागा नव्हती. मीच तगादा लावला होता, तो खडक फोडा म्हणून. खाणीवरून दारू आणली, कोणाला न विचारता. कळलं असतं तर नोकरी गेली असती. मला म्हणाले, पलीकडच्या काठावर जाऊन कानात बोटं घालून उभी राहा, आवाज झाला की काढ. आवाज झालाच नाही. मी तशीच उभी. मग हे आले आणि माझे हात धरून खाली केले."

वहिनीला एकदम सासूबाईंची ती सवय आठवली. सोड्याच्या बाटलीचं बूच काढायचं म्हटलं तरी त्या कानात बोटं घालत, आणि घरात लग्न होऊन आलेल्या प्रत्येक माणसाला ही गंमत सांगून हसवलं जाई. वहिनीही हसली होती.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"दारू भिजली की मेली, असं हे म्हणायचे. म्हणायचे, पण पोरं खडकाकडे गेली की ह्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. थोरल्यानं उडवला तेव्हा मी ओळखलं. तो काही बोलला नाही, म्हणून मीही नाही बोलले. म्हटलं, बापलेकांचं काय ठरलं असेल ते असेल."

एकाच घरात तीन माणसं एकच गोष्ट पोटात धरून बसली होती, आणि तिघांनाही वाटत होतं की आपण इतरांना जपतोय. वहिनीला हसावं की रडावं कळेना. तिला राग आला, सासूबाईंचाही आणि गेलेल्या माणसाचाही, आणि तो राग तिनं लपवला नाही. ती म्हणाली, "आई, यांनी दहा वर्षं सोसलं हो."

"हो," सासूबाई म्हणाल्या. "चुकलंच ते."

घुशी पालथ्या बादलीवर बसली होती. कधी बसली ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मघापासून ती भावाकडे बघत नव्हती, आईकडेही नाही; आपल्या उजव्या हाताकडे बघत होती.

"साप नव्हता तर," ती म्हणाली.

सुरुंगाचं राहिलं बाजूला, हिला सापाचं पडलं, असं धाकट्याच्या तोंडावर आलं. पण तो जन्मात पहिल्यांदा वेळेवर गप्प बसला.

"दादा," घुशी म्हणाली. इतक्या वर्षांनी ती हाक आली ती अगदी साधी आली, मीठ दे म्हणताना येते तशी. "किती उरलं होतं?"

"काय?"

"माती. माझ्या काटकीच्या पुढे."

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं. ही गोष्ट त्यानं तिलाही सांगितलेली नव्हती. मग तो हिशेब सांगतात तसं सांगायला लागला: भोक दीड हात खोल, असं बाबांनी सांगितलं होतं. तळाला वीतभर दारू. खडक उडवायच्या आधी त्यानं लाकडी काठी आत घालून माती कुठे सुरू होते ते हलकेच मोजलं होतं. तू उकरलेली जागा तशीच होती, तो म्हणाला, काटकीचे ओरखडेसुद्धा. एकातून दुसरं वजा केलं.

त्यानं हात पुढे केला आणि अंगठा मुडपून चार बोटं दाखवली.

वहिनीनं हे पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि घुशीला खरं सांगायला नवरा का धजत नव्हता ते तिला आता समजलं.

"बाबांनी मारलं म्हणून थांबले मी," घुशी म्हणाली. "नाहीतर त्या दिवशी तळ लागला असता. मी काय काय सांगत फिरले त्या थपडेवर."

ती रडेल असं वहिनीला वाटलं. पण घुशी उठली, टेबलाशी गेली आणि मातीच्या पाटीपुढे उभी राहिली. नखानं तिनं 'पाण्यानं'चा एक काना खरवडला. मग दोन्ही हात घालून तिनं पाटी उचलली, मधोमध दुमडली आणि पोळपाटावर कणीक मळतात तशी मळायला घेतली. पाणी, माणूस, हजारो वर्षं, एक सकाळ, सगळ्याचा एक गोळा झाला.

"ट्रक यायचा आहे," धाकटा म्हणाला.

"थांबेल ट्रक." ती गोळा घेऊन म्हशीच्या पलीकडच्या अंगाला गेली, जिथे ते आरपार भोक बाहेर पडत होतं. "दादा, तू इकडून हात घाल. लहानपणी माझा जायचा तिथवर."

"मला काय ठाऊक कुठवर जायचा?"

"मोजलंयस ना?"

त्यानं इस्त्रीच्या शर्टाची बाही दुमडली. म्हैस लहान मुलांच्या मापानं मोठी केलेली असल्यामुळे त्याचा म्हाताऱ्या माणसाचा हात सहज आत गेला, मनगट, मग कोपर. तिथे तो थांबला. पलीकडून घुशी माती आत ठासू लागली. वहिनीला मधून दोघांचे फक्त खांदे दिसत होते, पांढऱ्या ढिगाच्या दोन बाजूंना, आणि मधे जे चाललं होतं ते कोणालाच दिसत नव्हतं. भोकातून येणारा उजेड मात्र गेला होता. आयुष्यभर घुशीनं प्रत्येक दगडातून तो काढला होता, आणि हे एक भोक ती आता आपल्या हातानं बुजवत होती.

"अजून?" घुशीनं विचारलं.

"अजून."

"आता?"

"थोडंसं."

ती ठासत राहिली. थोरल्याचा गाल म्हशीच्या कुशीला टेकला होता आणि त्यावर भुकटी लागली होती.

"थांब," तो म्हणाला.

ती थांबली. हात मात्र दोघांनीही लगेच काढला नाही.

"बोटं लागतायत का तुझी?" घुशीनं विचारलं.

"नाही. चार बोटं माती आहे मधे."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. मग दोघांनी हात बाहेर काढले.

ट्रक आला. फाउंड्रीच्या माणसांनी म्हशीला गोणपाट गुंडाळलं, साखळी लावली आणि कप्पीनं उचलून ट्रकमध्ये ठेवलं. त्यांच्यातल्या एकानं पाटीचं विचारलं. घुशी म्हणाली की पाटी नाही, आणि त्यानं खांदे उडवले. थोरला त्याला सांगत होता की भोकातली माती ओली आहे, हादरे बसू देऊ नकोस, वळणावर हळू घे; आणि रस्त्यांबद्दल त्याला कळतं म्हणून असेल, की आज कोणी त्याचं ऐकून घेत होतं म्हणून, तो जरुरीपेक्षा जास्तच सांगत होता. धाकट्याची खुर्ची मघाच दादाच्या बाजूला सरकली होती.

माणसांनी ट्रकचा मागचा लोखंडी फाळका लावायला घेतला. सासूबाईंना तो दिसत नव्हता, पण कड्यांची खळखळ ऐकू आली आणि त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली. या वेळी कोणी हसलं नाही. वहिनी जाऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली.

फाळका धाडकन बसला. छपराचे पत्रे थरथरले आणि तुळईवरची भुकटी सगळ्यांच्या डोक्यांवर पडली.

सासूबाईंनी आपणहून बोटं काढली.

"झाला का गं आवाज?" त्यांनी विचारलं.

"झाला, आई," वहिनी म्हणाली, आणि त्यांच्या केसांवरची भुकटी पुसू लागली.